चेनसॉचा बार बदलायचा की अजून चालेल? घाईत सेट घेण्याआधी हे मोजून बघा

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ५८ सीसीचं मशीन, २२ इंची बार, दोन सीझन चाललेला. नवीन चेन टाकली तरी काप सरळ न जाता उजवीकडे वळतो, मध्येच एकदोनदा चेन उतरली, आणि दुकानदार म्हणतोय की बार, चेन, स्प्रॉकेट (इंजिनाकडचं, चेन फिरवणारं दातेरी चाक) सगळा सेटच बदला. तुम्हाला जाणून घ्यायचंय की दुकानदार खरं बोलतोय की माल खपवतोय.

खरं सांगायचं तर दोन्ही असू शकतं. फोटो न बघता "बार गेला" असं म्हणणारा माणूस अंदाज मारतोय एवढंच समजा. बार किती वर्षांचा आहे, त्याचा रंग किती उडालाय, यावरून काहीच ठरत नाही. माझ्याकडे तळकोकणात रिपेअरीला येणाऱ्या मशीनवर रंग पूर्ण गेलेला पण खाच एकदम ठणठणीत असलेले बार असतात, आणि वरून कोरा दिसणारा पण एकाच पावसाळ्यात खलास झालेला बारही असतो. डोंगरातला उभा आकेशिया तोडणारा माणूस आणि किनाऱ्यावर वादळात आडवा झालेला सुरू कापणारा माणूस, दोघांच्या बारचं आयुष्य सारखं कसं असेल? सुरूचं लाकूड मुळात टणक, त्यात सालीत वाळू भरलेली, आणि आडवं झाड कापताना बारचं टोक जमिनीत जाणारच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, त्या दोन्हीनंतर किनाऱ्याकडून आलेले बार बघण्यासारखे होते, वाळूने खाल्लेले नाहीतर झाडाखाली दाबून वाकलेले. त्यामुळे "बार किती दिवस चालतो" हा प्रश्न सोडून द्या. प्रश्न असा विचारा की चेनला सरळ धरून ठेवायचं काम हा बार अजून करतोय का.

कारण बारचं काम तेवढंच आहे. कापते चेन, बार तिला वाट दाखवतो. खाचेच्या दोन भिंती चेनला उभी धरतात आणि त्या भिंतींच्या वरच्या कडांवर चेन घसरत जाते. म्हणजे झीज तीन प्रकारची होते: कडा झिजून खाच उथळ होते, भिंती फाकून खाच रुंद होते, किंवा एक कड दुसरीपेक्षा खाली जाते. तुमची तक्रार दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातली वाटते, पण त्याच्याआधी एक गोष्ट तपासायला सांगतो, जी दुकानात कोणी सांगत नाही.

नवीन चेन घेतली ती गेज बघून घेतली का? पिच आणि गेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, गेज म्हणजे खाचेत जाणाऱ्या भागाची जाडी. ५८ सीसीच्या चायना मशीनवर बहुतेक वेळा ०.३२५ पिचची चेन असते, पण त्याच पिचमध्ये जाडी तीन प्रकारची मिळते, १.३, १.५ आणि १.६ एमएम. इंचात लिहिलं असेल तर ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३. तुमचा बार १.५ चा असेल आणि गडबडीत दुकानदाराने १.३ ची चेन कापून दिली तर ती मापाने फिट बसेल, फिरेल पण, फक्त खाचेत डुलत राहील, काप वाकडा जाईल आणि आळ सगळा बारवर येईल. चेनवर ड्राइव्ह लिंकला, म्हणजे खाली जो शेपटीसारखा भाग खाचेत जातो त्याला, आकडा कोरलेला असतो (तो बऱ्याचदा कंपनीचा कोड असतो, त्याचा गेज किती ते कंपनीच्या तक्त्यात बघा), आणि बारच्या मागच्या बाजूला बोल्ट बसतात तिथे पिच, गेज आणि लिंकची संख्या असते. रंगाखाली दिसत नसेल तर रॉकेलने पुसा. दोन्हीचा गेज जुळत नसेल तर प्रश्न इथेच संपला, चेन बदलून घ्या, बारला हात लावायची गरज नाही.

गेज जुळला तर पुढे चला. प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला, आणि मगच चेनला हात लावा. बंद मशीन आहे म्हणून चेन बोट कापत नाही असं नसतं.

चेन नीट ताणलेली असू दे, सैल नको. आता एक स्टीलची पट्टी घ्या, सहा इंची चालेल, आणि ती बारच्या सपाट अंगाला आणि चेनच्या एका कापणाऱ्या दाताच्या बाजूला अशी एकदम टेकवा. दात बारच्या अंगापेक्षा थोडा बाहेर असतो, त्यामुळे बार चांगला असेल तर पट्टी आणि बारच्या अंगामध्ये थोडी फट दिसायला पाहिजे. फट दिसत नसेल, म्हणजे पट्टीच्या दाबाने चेन आडवी कलंडली आणि पट्टी बारला पूर्ण चिकटली, तर खाच रुंद झालीय. ही टेस्ट एकाच जागी करू नका. टोकाजवळ, मध्ये, मागे, आणि दोन्ही बाजूंनी करा. कित्येकदा पुढच्या भागात सगळं ढिलं असतं आणि मागे एकदम टाईट. आणि ही टेस्ट नव्या चेनवरच खरी, जुन्या चेनचे लिंक स्वतःच घासून पातळ झालेले असतात, मग दोष कोणाचा ते कळत नाही. तुमची चेन नवीन आहे म्हणजे हे सोपं झालं.

आता चेन काढा. खाच साफ करा. ओल्या लाकडाचा भुसा आणि तेल मिळून आत असा लगदा बसतो की सुकल्यावर लाकडासारखा कडक होतो, आणि तो तसाच ठेवून खोली मोजली तर चांगला बारही उथळ दिसेल. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा यासाठी मस्त चालतो, टोकापासून मागे ओढत आणा. बारच्या मागे तेलाचं बारीक भोक असतं ते पण तारेने मोकळं करा, त्याच्याबद्दल नंतर बोलतो.

साफ झाल्यावर खोली मोजा. व्हर्नियरची मागची काडी खाचेत बसत असेल तर उत्तम, नसेल तर पातळ पत्र्याची पट्टी तळाला टेकवून कडेच्या लेव्हलला खूण करा आणि ती खूण मोजा. किमान खोलीचे स्टिल (Stihl) या चेनसॉ कंपनीच्या मॅन्युअलमधले आकडे असे आहेत: ०.३२५ आणि साध्या ३/८ पिचला ६ एमएम, छोट्या मशीनवरच्या लो प्रोफाइल ३/८ ला ५ एमएम, ०.४०४ ला ७ एमएम. याच्या खाली गेलं की बार बदलायचा, चर्चा नाही. कारण खोली कमी झाली की ड्राइव्ह लिंकचं टोक खाचेच्या तळाला घासायला लागतं, चेन कडांवर न टेकता टोकांवर चालते, तापते, आणि नवीकोरी चेन थोड्याच दिवसात खराब होते. याची खूण चेनवरही दिसते, लिंकचं खालचं टोक टोकदार असायचं ते बोथट, चपटं झालेलं दिसतं. तुमची काढलेली जुनी चेन टाकून दिली नसेल तर ती बघा, बारबद्दल ती बरंच काही सांगेल.

बाजूला वळणाऱ्या कापाचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे एक कड खाली गेलेली असणं. यासाठी सुताराचा गुण्या लागतो. बार व्हाइसमध्ये आडवा पण खाच वर करून पकडा, गुण्याची एक बाजू बारच्या अंगाला लावा, दुसरी दोन्ही कडांवर आडवी, आणि उजेडाकडे बघा. एका कडेखालून उजेड येत असेल तर ती कड झिजलीय. गुण्या नसेल तर घरातला ग्रॅनाइटचा ओटा आहेच, घाण पुसून बार त्याच्यावर खाचेच्या कडेवर उभा करून बघा. सरळ उभा राहतोय की एका बाजूला कलतोय ते डोळ्याला कळतं. (घरात कोणी बघत नसताना करा, तेलाचा डाग पडला तर मी जबाबदार नाही.)

बरेच लोक एक शॉर्टकट सांगतात, बार उलटा करून लावा, काप दुसरीकडे वळला किंवा सरळ झाला तर दोष बारचा, तिकडेच वळत राहिला तर चेनचा. टेस्ट चुकीची नाही, पण अर्धवट आहे. समजा आधीच्या चेनचे एका बाजूचे दात दगडाला लागून बोथट झाले होते, आणि तुम्ही शहाण्यासारखं दर वेळी बार पलटत होता. मग त्या वाकड्या चालणाऱ्या चेनने पलटलेल्या दोन्ही बाजूंच्या त्याच अंगाच्या कडा खाल्ल्या असणार. आता बार कसाही लावा, मशीनवरून बघितलं तर खाली गेलेली कड त्याच अंगाला येते आणि काप तिकडेच वळतो. माणूस म्हणतो बार चांगला, चेन खराब, आणि दुसरी नवीन चेन घेऊन येतो. म्हणून गुण्याने बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

तुमच्या बाबतीत चेन नवीन आहे म्हणजे दातांची धार दोन्हीकडे सारखी असणार, जर तुम्ही ती टाकल्यापासून खिळ्याला किंवा चिऱ्याला लावली नसेल तर. एका बाजूचे दात बोथट असले की काप धार असलेल्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे एवढं एकदा दातांवर नखाने बघून घ्या. ते ठीक असेल आणि गेज जुळत असेल, तर उजवीकडे वळण्याचा संशय बारवरच जातो.

पण संशय गेला म्हणजे बार लगेच भंगारात जात नाही. इथे बहुतेक दुकानदार आणि माझं जमत नाही. एक कड खाली आहे, खाच रुंद झालेली नाही, आणि खोलीला अजून वाव आहे, असा बार कानशीने सरळ करता येतो. व्हाइसमध्ये घट्ट पकडा, चपटी कानस दोन्ही कडांवर एकदम, बरोबर काटकोनात ठेवून लांब हाताने मारा, उंच कड खालच्या कडेच्या लेव्हलला येईपर्यंत. मध्ये मध्ये गुण्या लावत रहा, कारण हात नकळत एका बाजूला झुकतोच. कडा टणक केलेल्या असतात, स्वस्तातली कानस नुसती घसरत राहील. ग्राइंडरने करू नका, एका सेकंदात जास्त जातं आणि कड तापून तिचं पाणी, म्हणजे टणकपणा, उतरतं. कडेच्या बाजूला बाहेर आलेली पातळ धारदार कोर असते, आम्ही तिला बर म्हणतो, ती पण याच वेळी घासून काढा. ती कोर म्हणजे बार गेला असं नाही, वापरला की येतेच, पण ठेवली तर कडेचा टवका उडतो आणि हाताला पण लागते. सगळं झालं की खोली परत मोजा. घासून घासून ६ एमएमच्या खाली जात असेल तर मेहनत वाया घालवू नका.

खाच रुंद झालेली असेल तर मात्र माझं मत वेगळं आहे. फाकलेल्या भिंती ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकून आत घेणारे लोक आहेत, रोलर लावून दाबायचं हत्यारही मिळतं. रोलरने सारखं दाबलं तर काही दिवस काम भागतं, नाकारत नाही. हातोडीने ठोकलं की एका जागी चेन अडकते, चार इंचांवर परत डुलते, आणि टणक कड ठोकताना तडकण्याची भीती वेगळीच. आणि आतून भिंती झिजूनच पातळ झाल्या असतील तर दाबून पोलाद परत येणार नाही. ट्रॅक झिजलेल्या सरकत्या खिडकीसारखं आहे ते, कितीही ठाकठीक करा, वारा आला की खडखड करणारच. फांद्या साफ करायला चालेल कदाचित, पण मोठं झाड पाडताना तो बार नको, खोल कापात चेन कलंडली की बार आत अडकतो आणि तेव्हा वर झाड असतं.

टोकाचं चाक वेगळं बघा. हाताने फिरवा, खरखर लागतेय का, वर-खाली हलतंय का, दात सुईसारखे झालेत का. चेन उतरण्याचं एक कारण हे पण असतं. काही महागड्या बारचं टोक वेगळं बदलता येतं, पण तुमच्या मशीनबरोबर येतो तो बार बहुतेक तसा नसणार, तिथे टोक गेलं म्हणजे बार गेला. टोकाला ग्रीसचं भोक असेल तर ग्रीस मारत रहा, भोकच नसेल तर तो बार त्याच्याशिवाय चालायला बनवलेला आहे, ड्रिलने भोक पाडू नका (हसू नका, आलेला आहे असा बार माझ्याकडे).

मग तपासणी न करता थेट भंगारात टाकायचे बार कुठले? कुठेही तडा दिसला, कडेचा मोठा टवका उडालाय, टोकाजवळचे पत्रे एकमेकांपासून सुटायला लागलेत, किंवा झाडाखाली दाबून बारला घडी पडलीय. थोडासा वाक असेल, म्हणजे मागून एका डोळ्याने बघितल्यावर जेमतेम जाणवेल इतका, तर तो प्रेसमध्ये सरळ होतो, पण घडी पडलेला नाही होत. वेल्डिंग करून तर बिलकुल चालवू नका. निळसर काळे डाग हा मधला प्रकार. निळा रंग म्हणजे ती जागा साधारण ३०० डिग्रीच्या आसपास तापून गेली, आणि तिथली कड मऊ पडलेली असू शकते. एखादाच छोटा डाग असेल तर कानस मारून बघा, बाजूच्या भागापेक्षा तिथे कानस सहज चावत असेल तर ती जागा लवकर खड्डा पाडणार. लांबच लांब निळा पट्टा असेल तर बदला.

हे निळं का झालं, कड तिथेच का खाल्ली, हे शोधलं नाही तर नवीन बारचं पण तेच होणार. झीज कुठे आहे ते बघा. टोकाच्या लगेच मागे जास्त झिजलं असेल तर चेन सैल ठेवून चालवली किंवा टोकाने फार काम घेतलं. खालच्या बाजूला मध्यावर सगळीकडे झिजलं असेल तर बोथट चेनवर जोर देऊन कापलंय. मागे, चेन स्प्रॉकेटवरून बारमध्ये शिरते तिथे टवके असतील तर ते पण सैल चेनचंच काम. आणि सगळीकडे सारखंच पटापट झिजत असेल तर तेल.

तेलाबद्दल आपल्याकडे जे चालतं ते बघून वाईट वाटतं. ट्रकचं नाहीतर बाईकचं काढलेलं काळं ऑइल टाकीत ओततात, फुकट मिळतं म्हणून. त्या काळ्या तेलात इंजिनाच्या झिजेचा धातूचा बारीक कण असतो, त्याचा चिकटपणा गेलेला असतो, ते टोकापर्यंत पोचायच्या आत उडून जातं, आणि ते सगळं तुमच्या कपड्यावर, पायावर आणि कलमांच्या बागेत पडतं. चेनसाठी म्हणून मिळणारं चिकट तेल सगळ्यात चांगलं. ते मिळत नसेल तर नवीन २० डब्ल्यू ४० वापरा. एप्रिल-मेच्या उन्हात त्यात थोडं ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळलं तर चालतं, पण फार जाड केलं तर पंप ओढत नाही. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक एखाद्या सुक्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरा आणि रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर मगाशी म्हणालो ते भोक, किंवा पंप.

आता सेटच्या मुद्द्यावर येतो. स्प्रॉकेटच्या बाबतीत तुमचा दुकानदार बरोबर असू शकतो. क्लचचं कव्हर काढून दात बघा, चेनने पाडलेली खाच नखाला स्पष्ट लागते का. अर्धा एमएमपेक्षा खोल गेली की स्प्रॉकेट बदलायचं, आणि साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवीन चेन नीट बसत नाही, उड्या मारते, उतरते, आणि लवकर लांबते. तुमची चेन उतरली त्याचं कारण बारपेक्षा हेच जास्त असू शकतं. बार मात्र चेनपेक्षा पुष्कळ जास्त चालायला हवा, दर चेनबरोबर बार बदलायचा असेल तर कुठेतरी वापरण्यात चूक आहे किंवा कोणीतरी तुम्हाला फसवतंय.

म्हणजे क्रम असा लावा: आधी गेज, मग पट्टीची टेस्ट, मग साफ करून खोली, मग गुण्या, आणि शेवटी स्प्रॉकेट. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त कड खाली असेल तर कानस. खाच रुंद असेल किंवा तिची खोली ६ एमएमपेक्षा कमी असेल तर बार बदला. स्प्रॉकेटला खाच असेल तर ते बार चांगला असला तरी बदला, आणि नवीन चेन सध्या काढून ठेवा, खराब बारवर चालवून तिचे लिंक घासू नका.

नवीन बार घ्यायचाच झाला तर जुना बार बरोबर घेऊन जा आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघा. बोल्टची फट, टेन्शनच्या पिनचं भोक आणि तेलाचं भोक जुळलं पाहिजे, २२ इंची म्हणून सगळे सारखे नसतात. तेलाचं भोक अर्धा सेंटीमीटर सरकलेलं असलं तरी बार बसतो आणि कोरडा चालतो. आणि तुम्ही बागेत, शेताच्या बांधावर वगैरे कापता असं लिहिलंय, तिथे २२ इंच खरंच लागतो का तेही बघा. तुमचं काम बहुतेक वीतभर-हातभर जाडीच्या लाकडाचं असेल तर १८ इंची बार घ्या, त्याला चेन पण छोटी लागेल, तुमची आत्ताची चेन त्याला बसणार नाही हे लक्षात ठेवून.

आज-उद्या मोजलंत तर खोलीचा आकडा, पट्टीला फट दिसते की नाही, आणि बार-चेनवर कोरलेला गेज एवढं लिहून टाका, आणि गुण्या लावलेला एक फोटो उजेडाकडून काढलेला. तेवढ्यावरून कानस मारायची की बार घ्यायचा ते नक्की सांगता येईल.